ठाणे-नवी मुंबईच्या गच्चीवरून ग्रह आणि अंतराळस्थानक कसं ओळखावं

शुक्र, गुरू, मंगळ, शनी, बुध आणि आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक पाहायला काळोखाच्या शोधात लांब जावं लागत नाही. ठाण्याच्या किंवा वाशी-नेरुळच्या उजळ आकाशातही साधारण तिसऱ्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. प्रत किंवा दृश्यप्रत म्हणजे तेजाचं माप. तिचा आकडा जितका लहान, तितकं तेज जास्त, आणि सगळ्यांत तेजस्वी वस्तूंचा आकडा उणे असतो. शुक्र उणे ४ च्या आसपास असतो. गुरू उणे दीडपेक्षा मंद कधीच होत नाही. अंतराळस्थानक डोक्यावरून जाताना उणे ३ पर्यंत किंवा त्याहीपुढे जातं. या वस्तू रस्त्यावरच्या हायमास्टखाली उभं राहूनसुद्धा दिसतात.

इथली खरी अडचण क्षितिजाची आहे. डोंगर कुठे आडवा येतो, समोरचा टॉवर किती आकाश झाकतो आणि क्षितिजालगतची धूळ कधी दाट असते, एवढं कळलं की अर्धं काम झालं.

ठाणे शहराच्या पश्चिमेला येऊरचे डोंगर आहेत. उपवन, वर्तकनगर आणि घोडबंदर रोडच्या बऱ्याच भागातून मावळतीकडचं खालचं आकाश दिसतच नाही. तलावाचा काठ मोकळा वाटतो म्हणून लोक संध्याकाळचा शुक्र पाहायला उपवनला जातात, पण तलाव डोंगराच्या पायथ्याशीच असल्यामुळे ग्रह मावळण्याच्या बऱ्याच आधी आड जातो. नवी मुंबईत उलट परिस्थिती आहे. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत पूर्वेला पारसिकची रांग उभी आहे आणि पश्चिमेला ठाण्याची खाडी मोकळी पसरली आहे. म्हणून मावळतीकडचं काही पाहायचं असेल तर वाशीचं सागर विहार किंवा नेरुळचा ज्वेल ऑफ नवी मुंबईचा परिसर घ्या. उगवतीकडचं पाहायला ठाण्याची पूर्व बाजू, म्हणजे चेंदणी-कोपरीचा खाडीकाठ बरा. तिथून पारसिकची रांग दिसते, पण ती लांब असल्यामुळे आकाशाचा फार थोडा भाग झाकते. घोडबंदरची गायमुख चौपाटी उत्तरेला मोकळी आहे. ग्रहांसाठी तिचा उपयोग नाही, वायव्येकडून येणाऱ्या अंतराळस्थानकासाठी मात्र ती उत्तम. खारघरला याच डोंगररांगेची मागची बाजू उत्तर-पश्चिमेला येते, त्यामुळे तिथून पूर्व आणि दक्षिण धरा. येऊर राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहे आणि तिथे बिबट्याचा वावर आहे. रात्री आकाश पाहायला तिथे जाण्याचा विचार सोडून द्या. खाडीकाठी डास फार असतात, त्यामुळे पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच.

गच्ची सगळ्यांत सोयीची. किल्ली सेक्रेटरीकडे किंवा वॉचमनकडे असते आणि ती पहाटे पाच वाजता मिळत नाही, म्हणून आदल्या दिवशीच सांगून ठेवा. पाण्याच्या टाकीची सावली शोधा. गच्चीवरचा दिवा डोळ्यांत येत नाही अशा बाजूला उभं राहिलं की फरक लगेच जाणवतो.

हाताने मोजायचं कसं

हात पूर्ण लांब करून मूठ धरली की ती साधारण १० अंश झाकते. मधली तीन बोटं ५ अंश, करंगळी १ अंश, आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणलेली वीत २० अंशांहून थोडी जास्त. लहान मुलांचा हात लहान आणि मूठही लहान असते, त्यामुळे हेच माप त्यांनाही लागू पडतं.

समोरचा टॉवर ९५ मीटर उंच, म्हणजे साधारण तीस मजल्यांचा, आणि तुमच्यापासून २०० मीटर अंतरावर असेल, तर तो तळापासून २५ अंश, म्हणजे अडीच मुठी आकाश झाकतो. आपल्या अक्षांशावर, म्हणजे १९ अंश उत्तरेला, ग्रह तासाला साधारण १४ अंश खाली उतरतो, म्हणजे एक मूठ उतरायला ४० मिनिटं. म्हणजे संध्याकाळी शुक्र टॉवरच्या माथ्याच्या एक मूठ वर दिसत असेल, तर तुमच्या हातात चाळीसेक मिनिटं आहेत. तुमच्या गच्चीवरून आठही दिशांना किती मुठी झाकल्या जातात ते एकदा दिवसाउजेडी मोजून वहीत लिहून ठेवा. पुढे अ‍ॅपमधला अंतराळस्थानकाच्या दिशेचा-उंचीचा प्रत्येक आकडा याच यादीशी ताडून पाहायचा आहे.

दिशा मोबाइलच्या होकायंत्रावरून घेत असाल तर टाकी, लोखंडी जिना आणि सळयांचे खांब यांच्यापासून दोन-तीन मीटर दूर या. लोखंडाजवळ होकायंत्र सहज वीस-तीस अंश चुकतं, आणि मग वायव्येकडून येणारं स्थानक तुम्ही पश्चिमेला शोधत बसता. रात्री खात्री करायची असेल तर ध्रुवतारा बघा. इथे तो उत्तरेला बरोबर १९ अंशांवर, म्हणजे जेमतेम दोन मुठींवर असतो, पण मंद असल्यामुळे धूसर रात्री दिसत नाही.

ग्रह कुठे असू शकतात आणि कुठे नाही

सगळे ग्रह सूर्य-चंद्राच्याच वाटेने, राशींच्या पट्ट्यातून जातात. ठाण्याहून ही वाट उंचावरून जाते. मिथुनेतला ग्रह जवळजवळ डोक्यावर येतो आणि धनूतला दक्षिणेला साडेचार-पाच मुठींवर. त्यामुळे उत्तरेला खाली काही तेजस्वी दिसलं तर तो ग्रह नाही.

शुक्र सूर्यापासून ४७ अंशांपलीकडे जात नाही. तो एकतर संध्याकाळी पश्चिमेला दिसतो, नाहीतर पहाटे पूर्वेला. मध्यरात्री तो आपल्या आकाशात नसतोच. म्हणून रात्री बारा वाजता डोक्यावर शुक्राची चांदणी दिसतेय असं कोणी म्हणालं, तर तो गुरू असतो किंवा थंडीच्या दिवसांत व्याध. व्याध लुकलुकतो आणि क्षितिजाजवळ लाल-हिरवा-निळा चमकतो. ग्रहाचं तेज स्थिर असतं, कारण तो ताऱ्यासारखा निव्वळ बिंदू नसून छोटी चकती असते आणि हवेची थरथर त्या चकतीत विरून जाते. ही परीक्षा दोन मुठींच्या वरच घ्या. अगदी खाली असताना शुक्रसुद्धा लुकलुकतो.

गुरू पिवळसर पांढरा. दर १३ महिन्यांनी तो प्रतियुतीला येतो, म्हणजे सूर्य मावळताना उगवतो आणि रात्रभर दिसतो. मंगळ फिकट नारिंगी. त्याचं तेज फार बदलतं, २६ महिन्यांनी एकदा तो झळकतो आणि मधला बराच काळ साध्या ताऱ्यासारखा असतो. त्याची गल्लत रोहिणीशी आणि ज्येष्ठाशी होते, कारण दोन्ही तारे तांबूस आहेत आणि ग्रहांच्या वाटेवरच आहेत. शनी मळकट पिवळा, शांत, साधारण ठळक ताऱ्याएवढा. बुध सगळ्यांत अवघड. तो सूर्यापासून जास्तीत जास्त २८ अंशांपर्यंतच जातो, त्यामुळे सूर्यास्तानंतर अर्धा ते पाऊण तास एवढाच वेळ मिळतो आणि तोही एका मुठीच्या आसपास. उत्तरेकडच्या देशांपेक्षा आपल्याला तो सोपा जातो, कारण इथे ग्रहांची वाट क्षितिजावर बरीच उभी असते. पण डिसेंबर-जानेवारीत खाडीवर जो धुरकट थर साचतो, त्यात बुध हमखास बुडतो.

हवामानाचं गणित सरळ आहे. जून ते सप्टेंबर मध्यापर्यंत फार अपेक्षा ठेवू नका. पाऊस उघडल्यावर हवा धुतलेली असते, ते ऑक्टोबरचे पहिले आठवडे वर्षातले सर्वोत्तम. दिवाळीच्या फटाक्यांचा धूर दोन-तीन दिवस खालचं आकाश बंद करतो. थंडीत वरचं आकाश छान असतं, क्षितिज खराब. ग्रहांसाठी पौर्णिमेचा चंद्र आड येत नाही, त्यामुळे कोजागरीला गच्चीवर दूध आटत असतानाच सगळ्या सोसायटीला ग्रह दाखवता येतात.

कुठला ग्रह कुठे आहे हे शोधायला घरातलं पंचांग पुरतं. आपली पंचांगं निरयन पद्धतीची, म्हणजे राशी ताऱ्यांना धरून मोजणारी असतात, म्हणून त्यांत दिलेली ग्रहाची रास आकाशातल्या त्याच नावाच्या तारकापुंजाशी बरीचशी जुळते. एखाद-दुसऱ्या मुठीचा फरक पडतो, कारण पंचांगातल्या राशी सारख्या मापाच्या आहेत आणि आकाशातले तारकापुंज लहानमोठे. इंग्रजी भविष्याच्या सदरांतल्या राशी मात्र सुमारे २४ अंशांनी सरकलेल्या असतात, त्या वापरल्या तर ग्रह चुकीच्या जागी शोधाल. गुरू एका राशीत साधारण वर्षभर राहतो आणि शनी अडीच वर्षं, त्यामुळे एकदा जागा सापडली की महिनोन्महिने पुन्हा शोधावं लागत नाही. चंद्र तर दर महिन्याला प्रत्येक ग्रहाच्या शेजारून जातो. चंद्र अमुक ग्रहाजवळ आहे असं ज्या दिवशी वाचाल, त्या दिवशी गच्चीवर जाऊन एकदा ओळख करून घ्या.

२०२६-२७ मध्ये काय पाहावं

शनी ४ ऑक्टोबर २०२६ ला प्रतियुतीला आहे. तो मीनेच्या भागात असेल. त्या भागात ठळक तारे जवळजवळ नाहीतच, त्यामुळे रात्री नऊच्या सुमारास आग्नेय-पूर्वेला एकटाच दिसणारा शांत पिवळसर बिंदू तोच. डिसेंबरपर्यंत तो संध्याकाळी सहज सापडतो.

शुक्राची सूर्याशी अंतर्युती २४ ऑक्टोबर २०२६ ला आहे, म्हणजे तेव्हा तो पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधून जातो. त्याआधी, सप्टेंबरच्या उत्तरार्धात, पाऊस उघडला तर सूर्यास्तानंतर नेरुळच्या किंवा वाशीच्या काठावरून तो पश्चिमेला खाली दिसेल, आणि साध्या दुर्बिणीतून त्याची कोर दिसेल. युतीनंतर तो पहाटेच्या आकाशात जातो. २०२६ च्या दिवाळीत, अभ्यंगस्नानाच्या गडबडीत, पावणेसहाच्या सुमारास पूर्व-आग्नेयेला क्षितिजापासून मूठभर उंचीवर बघा. ठाण्याच्या खाडीकाठचे लोक इथे भाग्यवान आहेत.

फेब्रुवारी २०२७ मध्ये गुरू आणि मंगळ दोघेही प्रतियुतीला येतात, मंगळ १९ तारखेला. मंगळ मघा ताऱ्याच्या जवळ असेल आणि गुरू तिथून साधारण एका मुठीवर. संध्याकाळी पूर्वेला उगवताना गुरू वर, मंगळ आणि मघा खाली. नारिंगी मंगळ, निळसर पांढरी मघा आणि तेजस्वी गुरू एकत्र दिसल्यावर रंगातला फरक कुणालाही कळतो. मुलांना ग्रह आणि तारा यांतला भेद शिकवायला याहून चांगली संधी शोधून सापडणार नाही.

दुर्बीण घ्यायची असेल तर १०×५० किंवा ७×५० ची द्विनेत्री घ्या (पहिला आकडा वर्धनाचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या मिलिमीटरमधल्या व्यासाचा). जास्त वर्धन हातात स्थिर राहत नाही. कोपरे कठड्यावर टेकवा किंवा दुर्बीण भिंतीला लावून धरा. तेवढ्यानेच गुरूचे चार मोठे चंद्र एका ओळीत दिसतात. कधी तीनच दिसतात, कारण एखादा गुरूच्या मागे किंवा पुढे असतो. गॅलिलिओने १६१० मध्ये हेच पाहिलं होतं. दोन-तीन रात्री लागोपाठ चंद्रांच्या जागा वहीत टिपा. त्यांतला आयो पावणेदोन दिवसांत एक फेरी पूर्ण करतो, त्यामुळे बदल ठसठशीत दिसतो. शनीची कडी अशा दुर्बिणीतून दिसत नाहीत, त्यासाठी २५ पटींहून जास्त वर्धनाची, तिपाईवरची दुर्बीण लागते. मार्च २०२५ मध्ये कडी पृथ्वीवरून अगदी कडेने दिसत होती, ती आता हळूहळू उघडत आहेत. आणि सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय बुध किंवा शुक्र शोधायला दुर्बीण डोळ्याला लावू नका. सूर्य एक क्षणभर जरी दुर्बिणीत आला तरी डोळा कायमचा जाऊ शकतो.

अंतराळस्थानक

आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक पृथ्वीपासून सुमारे ४०० ते ४२० किलोमीटरवरून दीड तासात एक फेरी मारतं. ते १०९ मीटर लांब आहे आणि नोव्हेंबर २००० पासून त्यात सतत माणसं राहत आहेत. शुभांशु शुक्ला जून-जुलै २०२५ मध्ये तिथेच होते. स्थानकाला स्वतःचा दिवा नाही. आपल्याकडे अंधार पडलेला असतो आणि तितक्या उंचीवर ऊन असतं, तेव्हाच ते चमकतं. म्हणून ते सूर्यास्तानंतरच्या साधारण दीड तासात किंवा सूर्योदयापूर्वीच्या दीड तासात दिसतं, मध्यरात्री नाही. काही दिवस संध्याकाळी दिसतं, मग गायब होतं, मग काही दिवस पहाटे, असं चक्र साधारण दोन महिन्यांचं आहे. आठवडाभर अ‍ॅपमध्ये एकही फेरी दाखवत नसेल तर अ‍ॅप बिघडलेलं नाही.

वेळा हेवन्स-अबव्ह या संकेतस्थळावर किंवा नासाच्या स्पॉट द स्टेशन अ‍ॅपमध्ये मिळतात. आधी ठिकाण नीट भरा: ठाणे असेल तर १९.२ उत्तर, ७२.९७ पूर्व, नेरुळ-बेलापूरसाठी १९.०३ उत्तर, ७३.०३ पूर्व. मग वेळ भारतीय प्रमाणवेळेत दिसतेय का ते तपासा. साडेपाच तासांच्या फरकाने फेरी हुकणं हीच नवशिक्यांची सर्वांत मोठी फसगत.

तक्त्यात प्रत्येक फेरीच्या तीन वेळा असतात. नमुना म्हणून अशी ओळ समजा: सुरुवात १९:०८:१०, १० अंश, वायव्य; सर्वांत उंच १९:११:२०, ६२ अंश, ईशान्य; शेवट १९:१२:४०, ३२ अंश, आग्नेय. याचा अर्थ, ते वायव्येला एका मुठीवर दिसू लागेल, सव्वातीन मिनिटांत ईशान्येला सहा मुठींवर चढेल आणि मग मावळण्याआधीच आग्नेयेला तीन मुठींवर विझेल. ते विझतं कारण पृथ्वीच्या सावलीत शिरतं. शेवटच्या काही सेकंदांत त्याचा रंग तांबूस होतो, तो जरूर पाहा. पहाटेच्या फेरीत हे उलटं घडतं: ते आकाशाच्या मधोमध अचानक उजळून निघतं, आणि क्षितिजावर वाट पाहणाऱ्याच्या हातून निम्मी फेरी निघून जाते.

फेरी निवडताना सर्वोच्च उंची ४० अंशांच्या वर आणि दृश्यप्रत उणे २ पेक्षा तेजस्वी असेल तीच घ्या. त्याखालच्या फेऱ्या इमारतींच्या आड जातात. आपल्या अक्षांशावर ते नेहमी पश्चिमेच्या बाजूने येतं: एकतर नैऋत्येकडून ईशान्येकडे, नाहीतर वायव्येकडून आग्नेयेकडे. पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारं काही दिसलं तर ते स्थानक नव्हे.

वेळेच्या पाच मिनिटं आधी गच्चीवर या आणि पहिल्या दिशेकडे तोंड करून उभे राहा. सुरुवातीला ते सुमारे दीड हजार किलोमीटर लांब असतं, म्हणून मंद आणि संथ वाटतं, आणि बरेच जण इथेच ते आलंच नाही म्हणून मान वळवतात. एक मिनिट थांबा. डोक्यावर येताना ते चारशे-साडेचारशे किलोमीटरवर असतं आणि सेकंदाला जवळजवळ एक अंश, म्हणजे दहा सेकंदांत एक मूठ सरकतं. प्रकाश स्थिर, पांढरा-पिवळसर, लुकलुक नाही, आवाज नाही. लाल-हिरवे मिणमिणते दिवे दिसले तर ते विमान.

विमानांचा घोळ आपल्याकडे जास्तच होतो. मुंबई विमानतळावर पूर्वेकडून उतरणारी विमानं कोपरखैरणे-वाशीच्या आकाशातून जातात, आणि डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळही सुरू आहे. विमान तुमच्याच दिशेने येत असेल तर त्याचा उतरण्याचा दिवा दोन-तीन मिनिटं एका जागी स्थिर, शुक्रासारखा दिसतो. मिनिटभर एखाद्या इमारतीच्या कोपऱ्याशी ताडून पाहा. ग्रह तेवढ्यात हलल्याचं जाणवत नाही, विमान जाणवतं. याच कारणासाठी गच्चीवरून हिरवा लेझर आकाशात मारू नका. वैमानिकाच्या डोळ्यांवर तो गेला तर उतरतं विमान धोक्यात येतं, आणि तो गुन्हा आहे.

ठरलेल्या वेळी काहीच दिसलं नाही, तर कारणं बहुतेक याच क्रमाने तपासावीत: ठिकाण चुकीचं, होकायंत्र चुकलेलं, दहा दिवसांपूर्वी पाहून ठेवलेली वेळ, आणि शेवटी पातळ ढग. स्थानकाची कक्षा अधूनमधून इंजिनं चालवून उचलतात, त्यामुळे जुना अंदाज काही मिनिटांनी घसरतो. वेळ त्याच दिवशी दुपारी पुन्हा बघावी.

चीनचं त्यांगोंग स्थानकही याच रीतीने दिसतं. ते लहान आहे, म्हणून थोडं मंद, पण ठळक ताऱ्यांच्या तोडीचं. त्याची वाट विषुववृत्ताशी ४१.५ अंशांची आहे, त्यामुळे ते जास्त आडवं, पश्चिमेकडून पूर्वेकडे जातं. पृथ्वीभोवती फिरणारी हबल दुर्बीण ही आपल्या अक्षांशाची खास मेजवानी. तिची कक्षा २८.५ अंशांची असल्यामुळे युरोपातल्या बहुतेकांना ती दिसतच नाही, आपल्याकडे मात्र जवळजवळ डोक्यावरून जाते. ती साधारण दुसऱ्या प्रतीची असते, म्हणून उंच फेरीच निवडा आणि दिव्यापासून दूर उभे राहा. प्रक्षेपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांत स्टारलिंकचे उपग्रह एकामागोमाग एक ओळीने जाताना दिसतात. कक्षेत स्थिरावल्यावर ते इतके मंद होतात की शहरातून सापडत नाहीत. जुन्या लेखांत इरिडियम उपग्रहांच्या लखलखाटाबद्दल वाचाल, पण ते उपग्रह आता कक्षेतून उतरवले आहेत, त्यामुळे शोधत बसू नका.

फोटो काढायचा असेल तर मोबाइल तिपाईवर लावा, फोकस हाताने अनंतावर ठेवा, आयएसओ २०० आणि शटर ८ ते १० सेकंद. त्याहून लांब उघडीप ठेवली तर शहराच्या उजेडाने सगळं आकाश पांढरंफटक येतं. असे आठ-दहा फोटो सलग घेऊन नंतर एकावर एक जोडले की स्थानकाची अखंड रेघ मिळते. बटण बोटाने दाबू नका, दोन सेकंदांचा टायमर लावा, नाहीतर रेघेच्या सुरुवातीलाच थरथर येते.